बॅटरीच्या तीनचाकीवर हॅम रेडिओ बसवलाय, शंका असतील तर विचारा

तीनचाकी

दुसऱ्या एका धाग्यात बोलता बोलता लिहून गेलो की माझ्या तीनचाकीवर हॅम रेडिओचं स्टेशन आहे (हॅम म्हणजे परवाना काढून हौसेनं बिनतारी सेटवर बोलणारे). तेव्हापासून व्यनि (खाजगी निरोप) थांबायला तयार नाहीत. एकेकाला तेच लिहिण्यापेक्षा इथं एकदाच मांडतो.

मी औसा तालुक्यातला. लहानपणी पोलिओ झाला, दोन्ही पाय गेले, हात मात्र दणकट. गाडी सरकारी योजनेतून मिळालेली: मोटर २४ व्होल्टची, सीटखाली १२ व्होल्टच्या दोन लेड-अॅसिड बॅटऱ्या, उजव्या मुठीत थ्रॉटल, हातब्रेकला लॉक. लायसन्स रेस्ट्रिक्टेड या खालच्या ग्रेडचं, म्हणजे कॉलसाइन (हवेतली माझी ओळख) व्हीयू३ ने सुरू होतो.

गाडीवर सध्या एवढं आहे. एक एचएफ सेट, म्हणजे लांब पल्ल्याच्या शॉर्टवेव्हचा, १० वॅटच्या आसपासचा, हैदराबादच्या अशहर फरहान यांच्या मायक्रोबिटएक्स डिझाइनचा. एक ५ वॅटचा हँडसेट, जवळच्या बोलण्याच्या टू मीटर बँडसाठी. ६ अँपिअर-अवरची वेगळी लिथियम फॉस्फेट बॅटरी. पाठीच्या पाईपला उभा बांधलेला पीव्हीसीचा पाईप, त्याच्या पोटात टू मीटरची अँटेना. आणि फायबरचा सहा मीटरचा घडीचा दांडा, जो गाडी थांबल्यावरच उभा राहतो.

लोक विचारतात सेट कुठला, अँटेना कुठली. माझं म्हणणं, तो प्रश्न शेवटचा. ही गाडी म्हणजे माझं चालणं आहे. रेडिओ पाहुणा. पाहुण्यानं घरधन्याच्या खाटेवर पथारी पसरू नये. म्हणून पहिला निर्णय असा की गाडीची डावी बाजू पूर्ण मोकळी. मी खाटेवरून, खुर्चीवरून, एसटीच्या पायरीवरून डावीकडूनच सीटवर सरकतो. तिथं साधी वायर लोंबली तरी पँट अडकते आणि माणूस तोंडावर जातो. दुसरा निर्णय, मूळ सांगाड्याला वेल्डिंग नाही आणि भोकही नाही. सगळं यू-क्लॅम्पवर, क्लॅम्पखाली सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी. त्यानं रंगही जात नाही आणि आमच्या रस्त्यांवरचे हादरेही सेटपर्यंत कमी पोचतात. नट सगळे नायलॉकचे. साधे नट लातूरला जाऊन येईपर्यंत निम्मे ढिले झालेले असतात.

एचएफ सेट एका प्लायच्या फळीवर आहे. ती फळी उजव्या पाईपला बिजागरीनं लावलीय. चालवताना बाजूला उभी राहते, थांबलो की मांडीपुढे आडवी होते. लिहायला वही, मोर्सची की, चहाचा कप, सगळं त्यावरच. (मोर्स, म्हणजे टिंब-रेघांची भाषा, शिकतोय. जनरल या वरच्या ग्रेडला मिनिटाला ८ शब्द लागतात.)

बाकीचं विचाराल तसं लिहितो.


उगाच_विचारतो

छान आहे, पण मोबाईल असताना हा उपद्व्याप कशाला? खवचटपणे विचारत नाही, खरंच कळत नाही.


तीनचाकी

@उगाच_विचारतो, मोबाईलवर तुम्ही ज्याला फोन लावता तोच उचलतो. इथं आवाज सोडला की कोण उत्तर देईल सांगता येत नाही. सकाळी ४० मीटर या शॉर्टवेव्ह बँडवर बसलो की हैदराबाद, पुणे, बेंगळुरू असं सहज लागतं. त्यातल्या कुणालाच माझे पाय दिसत नाहीत, आवाज कसा येतोय एवढंच ते सांगतात. मला हे आवडतं. शिवाय मोबाईल टॉवरची बॅटरी संपली की गाव मुकं होतं, ते आपल्याकडं वादळात दरवर्षी बघतोच.


बालाघाटी

उगाच_विचारतो, तुमचं वय किती ठाऊक नाही. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी मी उमरग्याजवळ होतो. रात्री गणपती बुडवून लोक नुकते झोपले होते. पुढं किल्लारी, सास्तूर आणि आजूबाजूच्या गावांचं काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे, जवळजवळ दहा हजार माणसं गेली. टेलिफोन तेव्हा असून किती गावांत होते, आणि होते तेही पडले. त्या दिवसांत बाहेरून हॅम मंडळी सेट घेऊन आली होती, निरोप इकडून तिकडं पोचवायला. कोण जिवंत, कुठं औषध पाहिजे, कुठं ताडपत्री. मी तेव्हा त्यांच्याकडं नुसता बघत बसायचो, गाडीच्या बॅटरीला चिमटे लावून माणूस बोलतोय आणि पलीकडून उत्तर येतंय.

तीनचाकी, तुमच्या गाडीला कुणाच्या बॅटरीचे चिमटे लागत नाहीत हे वाचून बरं वाटलं.


नांदेडचा_बिनतारी

अभिनंदन तीनचाकी. आता थोडा खडूसपणा करतो, वयाचा हक्क आहे.

पहिला प्रश्न वीजपुरवठ्याचा. तुम्ही वेगळी बॅटरी ठेवलीत ते उत्तम, पण का ठेवली ते इथं नीट लिहा. वाचणारा उद्या सीटखालच्या दोनपैकी एका बॅटरीवरून १२ व्होल्ट काढेल आणि मोकळा होईल. दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये असताना एकीतूनच रेडिओ चालवला की ती रोज थोडी जास्त उतरते. चार्जर मात्र दोघींना मिळून एकच २४ चा. त्याला वाटतं भरल्या. एक अर्धपोटी राहते, दुसरी जास्त भरून पाणी सोडते. काही महिन्यांत जोडी बाद. आणि बाद होते ती कुठं, तर घरापासून लांब, शेताच्या रस्त्यावर. त्यात सेटचा मायनस आणि गाडीचा मायनस एक झाला असेल तर चुकीच्या वायरला हात लागून फ्यूज नाही तर सेट जाणारच.

दुसरा प्रश्न आवाजाचा. मोटरचा कंट्रोलर सुरू असताना ४० मीटरवर काय ऐकू येतं?


तीनचाकी

नमस्कार काका. बॅटरीचं तुम्ही लिहिलंत तेच कारण. अजून एक आहे: मोटरची बॅटरी संपली तर मी रस्त्यात अडकतो, पण रेडिओ शाबूत असतो आणि कुणाला तरी बोलावता येतं. दोन्ही एकाच पोटातून जेवायला लागले तर दोन्ही एकदमच झोपतील.

हिशेब असा: माझा सेट ऐकताना साधारण ०.४ अँपिअर घेतो, बोलताना २ च्या आसपास. पाच भागांतला एक भाग बोललो आणि चार भाग ऐकलं तर सरासरी पाऊण अँपिअर पडते. ६ अँपिअर-अवरमध्ये सात-आठ तास. त्याच्या आधी मीच थकतो. लिथियम फॉस्फेट घ्यायचं कारण वजन आणि व्होल्टेज. चार सेलची बॅटरी उतरत आली तरी बराच वेळ १३ च्या जवळ टिकून राहते, लेड-अॅसिडसारखी हळूहळू १२ च्या खाली घसरत नाही. बॅटरीच्या प्लसवर, अगदी टर्मिनलच्या जवळ, ५ अँपिअरचा फ्यूज आहे. तो सेटजवळ लावून उपयोग नाही, मधली वायर घासून शॉर्ट झाली तर तिला कोण वाचवणार?

आवाजाचं विचारू नका. कंट्रोलर सुरू असेल तर ४० मीटरवर नुसती भिरभिर, एस-मीटर (सिग्नलचा जोर दाखवणारा काटा) असता तर ९ च्या पलीकडं गेला असता. मोटरला ताकद द्यायला तो सेकंदाला हजारो वेळा करंट चालू-बंद करतो, त्याची पिल्लं वरपर्यंत जातात. कुठून गळतंय ते शोधायला मी महागडं काही आणलं नाही. खिशातला जुना ट्रान्झिस्टर घेतला, मीडियम वेव्हवर जिथं स्टेशन नाही अशा जागी लावला, मागचं चाक उचलून थ्रॉटल थोडा दाबला आणि ट्रान्झिस्टर गाडीवरून फिरवला. वायरीला आडवा धरला की जोर, समांतर केला की कमी. सगळ्यात जास्त बोंब मोटरच्या जाड वायरींवर, त्याखालोखाल, आणि हे अनपेक्षित होतं, हँडलला लावलेल्या मोबाईलच्या यूएसबी चार्जरवर. चार्जर काढून फेकला. मोटरच्या वायरी एकमेकींना पीळ देऊन बांधल्या आणि भंगारातल्या मॉनिटरच्या केबलवर असतात ते काळे फेराइटचे गोळे त्यांवर चढवले. लातुरात भंगारवाल्याकडं पोतंभर मिळतात, त्याला वाटतं पोराला खेळायला पाहिजेत.

फरक पडला, पण पूर्ण गेलं नाही. म्हणून एचएफ फक्त गाडी थांबवून, किल्ली बंद करून. चालताना हँडसेटवर ऐकतो, एफएमला ही भिरभिर फारशी जाणवत नाही.


फॅब्रिकेशन_जालना

आपुन जालन्याचं वेल्डिंगवालं. भाऊ, तुमी वेल्डिंग नको म्हनलात, पोटावर पाय दिलात राव 😀

पन खरं बोललात. ह्या गाड्यांचा पाईप लई पातळ असतो, वेल्डिंग मारलं की शेजारी जीव मरतो त्याचा. दिसाया दिसत न्हाई. मग एका दिवशी खड्ड्यात गेली की वेल्डच्या बाजूला कटकन तुटते. माझ्याकडं दुरुस्तीला येत्यात त्या अशाच येत्यात, कुनीतरी मागं कॅरेज जोडून घेतलेलं असतं, गॅसची टाकी न्यायला.

दोन गोष्टी सांगतो. वजन मागं चालल, वर चालनार न्हाई. तीन चाकाची गाडी वळनावर भायेरच्या अंगाला झुकते, तवा वर जितकं जड तितकी लवकर आडवी. बॅटरी सीटखालीच ठिवा. दुसरं, यू-क्लॅम्प जीआयचा बाजारात भेटतो तो ढोबळ आसतो, पाईपावर बसत न्हाई. एक्झॉस्टचा सायलेन्सर क्लॅम्प बघा, टू-व्हीलर स्पेअरवाल्याकडं, तो गोल बसतो.


तीनचाकी

फॅब्रिकेशनभाऊ, सायलेन्सर क्लॅम्पची आयडिया एक नंबर. तुमच्या पोटावरचा पाय काढतो: अँटेनाच्या दांड्याला खाली बूट पाहिजे, म्हणजे पाईपात पाईप बसणारा, हलणार नाही असा. तो वेगळा बनवून क्लॅम्पवर बसवायचा आहे. जालन्याला येणं झालं की तुमच्याकडंच.


दुधनाकाठ

माझी मुलगी बारावीला आहे, मस्क्युलर डिस्ट्रॉफी आहे तिला. परभणीत राहतो. तिची खुर्ची जॉयस्टिकची, मोटरची व्हीलचेअर. तिनं हा धागा मला दाखवला आणि म्हणाली, आई, मला पण. लायसन्सला १२ वर्षं पूर्ण लागतात हे तिनंच शोधून काढलं, ती तर अठराची आहे. मला तांत्रिक काही कळत नाही, पण एक भीती वाटते. रेडिओमुळं खुर्ची आपोआप चालायला लागली तर? आमच्या घराला उतार आहे आणि पुढं रस्ता.


नांदेडचा_बिनतारी

ताई, तुमची भीती रास्त आहे. धाग्यातला सगळ्यात कामाचा प्रश्न तुम्ही विचारलात.

नव्वदच्या दशकात अमेरिकेत मोटरच्या खुर्च्या जवळच्या रेडिओमुळं आपोआप हलल्याच्या तक्रारी आल्या. तिथल्या एफडीएनं (औषधं आणि वैद्यकीय उपकरणांवर देखरेख ठेवणारं सरकारी खातं) १९९४ मध्ये खुर्ची बनवणाऱ्यांना पत्र पाठवून सांगितलं की खुर्चीनं किमान २० व्होल्ट प्रति मीटर एवढं रेडिओ क्षेत्र सोसलं पाहिजे, आणि तसं लेबल लावा. तुमच्या खुर्चीच्या पुस्तिकेत 'इलेक्ट्रोमॅग्नेटिक' असं काही प्रकरण असेल तर त्यात हा २० चा आकडा बहुधा सापडेल.

आता २० म्हणजे किती? साध्या डायपोलसाठी (मधोमध जोडलेली दोन बाजूंची अँटेना) ढोबळ सूत्र: वॅटचं वर्गमूळ गुणिले ७, भागिले मीटरमधलं अंतर. ५ वॅटचा हँडसेट एक मीटरवर १६ च्या आसपास, अर्ध्या मीटरवर ३१. म्हणजे हँडसेट जॉयस्टिकजवळ धरून बोललं की खुर्चीच्या हमीच्या बाहेर गेलात. मोटारीत बसवतात तसा ५० वॅटचा सेट असेल तर अडीच मीटरपर्यंत २० च्या वर. अँटेनाच्या अगदी जवळ हे सूत्र तंतोतंत चालत नाही, पण अंदाजाला पुरतं.

म्हणून नियम एकच: बोलायच्या आधी खुर्ची बंद. जॉयस्टिकवरचं बटण दाबून बंद. तुमच्या प्रकारच्या खुर्चीत बंद केलं की चाकांचे विद्युतचुंबकी ब्रेक आपोआप बसतात, ती उतारावरही जागची हलत नाही. मात्र मागं ढकलायचे लीव्हर 'फ्री'वर नाहीत ना, ते बघा. तीनचाकींच्या गाडीत तसं नाही, तिथं वीज बंद म्हणजे गाडी मोकळी. त्यांना हातब्रेकचं लॉकच लावावं लागतं.


तीनचाकी

काकांनी लिहिलंय त्याला एक जोड. आठवण ठेवून बंद करणं माझ्याच्यानं होत नाही, गप्पांच्या भरात माणूस विसरतो. म्हणून दोन पोलचा, दोन बाजूंचा टॉगल स्विच बसवला. वरती असेल तर किल्लीची बारीक वायर जोडलेली, गाडी चालते, एचएफ सेटला वीज नाही. खाली केला की सेटला वीज, किल्लीची वायर तुटलेली. दोन्ही एकदम शक्यच नाही. दोन पोल वेगवेगळे असल्यामुळं २४ आणि १२ ची गाठ पडत नाही. मोटरची जाड वायर यातून नेऊ नका, फक्त किल्लीची.

माझ्या थ्रॉटलमध्ये हॉल सेन्सर आहे, चुंबक जवळ आला की व्होल्टेज बदलणारा. मूठ सोडली की एक व्होल्टच्या आतबाहेर, पूर्ण दाबली की चारच्या थोडं वर. या दोनतीन व्होल्टच्या खेळात रेडिओची लहर घुसली तर कंट्रोलरला वाटणार मूठ दाबली. टॉगल त्यासाठीच.

ताई, मुलीच्या खुर्चीत मात्र असं काही कापू-जोडू नका. त्या कंट्रोलरची वायरिंग वेगळी असते. तिला बटण दाबून बंद करणं आणि अँटेना खुर्चीपासून लांब, बाल्कनीच्या कठड्याला नेणं पुरेसं आहे. केबल दहा मीटर घ्या. हात कमजोर असतील तर मायक्रोफोनचं बटण धरून ठेवणं जड जातं. माइकमधून दोन वायरी काढून मोठं दाबायचं बटण जोडता येतं, एकदा दाबलं की चालू, परत दाबलं की बंद. आवाजावर आपोआप सुरू होणारी सोय, व्हॉक्स, पंख्याच्या वाऱ्यानंही सुरू होते, ती नको.


दुधनाकाठ

खूप आभार काका आणि दादा. ती वाचून म्हणतेय की एकदा दाबलं की चालू राहणारं बटण विसरलं तर सगळा बँड अडवला जाईल, त्याला वेळेचं बंधन पाहिजे. मला यातलं काय ते कळलं नाही, पण लिहायला सांगितलंय.


नांदेडचा_बिनतारी

मुलगी बरोबर बोलतेय. बहुतेक हँडसेटच्या मेनूत टीओटी असतं, टाइम आउट टायमर. ६० सेकंदांवर ठेवायला सांगा. आणि तिला म्हणावं परीक्षेला बस.


सावलीतला

मी बीडचा. मणक्याला इजा, छातीच्या खाली संवेदना नाही. साधी हातानं ढकलायची व्हीलचेअर, हँडसेटवर ऐकतो, परीक्षा द्यायचीय. तीनचाकींना पाय नसले तरी संवेदना आहेत म्हणून त्यांच्या लक्षात आलं नसेल, माझ्यासारख्यांसाठी चार गोष्टी लिहितो.

मांडीवर सेट ठेवू नका. प्रसारण करताना मागची हीटसिंक (उष्णता बाहेर टाकणारी धातूची पट्टी) तापते. तुम्हाला चटका लागणार नाही, कातडीला लागेल, आणि संध्याकाळी घरचे विचारतील हा फोड कुठून आला. तसंच अँटेनाची वायर आणि तिच्या जोडीची काउंटरपॉइज वायर पायावरून नेऊ नका. टोकाला जोडलेल्या वायर-अँटेनाच्या तोंडाशी ५ वॅटलासुद्धा शंभरावर व्होल्ट असतात. बोट लागलं तर दचकून मागं घेतो आपण. पाय मागं घेणार नाही.

दुसरं, गप्पांत तास कसा जातो कळत नाही. दर पंधरा-वीस मिनिटांनी हातांवर उचलून किंवा पुढं वाकून बूड मोकळं करायलाच पाहिजे, नाहीतर प्रेशर सोर, म्हणजे दाबानं होणारी जखम. मोबाईलला गजर लावा, "ब्रेक घेतो" म्हणा, हॅमवाले थांबतात.

तिसरं ऊन. मणक्याला वर इजा असेल तर इजेच्या खाली घाम येत नाही. आपला मे महिना, ४२-४३ अंश. बाभळीखाली अँटेना लावून बसलो आणि डोकं गरगरायला लागलं तर वेळ गेलेली असते. पाण्याची फवारणीची बाटली जवळ ठेवा, सकाळी ९ ला गुंडाळा.

चौथं आठवत नाही. आठवलं की लिहितो.


तीनचाकी

@सावलीतला, हे मला माहीतच नव्हतं, म्हणजे पायावरच्या वायरचं. वर मूळ धाग्यात 'मांडीपुढे' लिहिलंय, मांडीवर नाही: फळी आणि मांडी यांत चांगली चार बोटं जागा आहे. पण फळीखालून वायर जाते. ती आजच डिक्कीकडून फिरवून घेतो.


उगाच_विचारतो

मी आता 'उगाच' विचारत नाही. अँटेना झाडावर एकट्यानं कशी टाकता? तुम्ही तर उठत नाही.


तीनचाकी

हा माझा आवडता प्रश्न.

४० मीटरला अर्ध्या लहरीची वायर सुमारे २० मीटर लांब लागते. एवढी लांब गोष्ट एका जागी बसून उभारायची. रानात कुठल्याही बांधावर लिंब नाहीतर बाभूळ असतेच. नायलॉनची बारीक दोरी, टोकाला नट-बोल्ट भरलेली कापडी पिशवी, साधारण पावशेर. दोरी हातभर सोडून बाजूला फिरवायची, दोन-तीन वेढे झाले की वरच्या टप्प्यावर सोडायची. ज्वारीवर गोफण फिरवलेली आहे लहानपणी, माचाणावर बसूनच, त्यामुळं बसल्या जागेवरून नेम धरायची सवय आहे. दोरी सुटी आणि सैल पडलेली पाहिजे, म्हणून ती बादलीत भरून ठेवतो, गुंडाळी करत नाही. पिशवी फांदीवरून पलीकडं खाली आली की वायर दोरीला बांधून ओढायची. दगड लावू नका, फांदीत अडकला की दोरी कापावी लागते. कापडी पिशवी हिसका दिला की सुटून येते.

झाड नसेल तर फायबरचा दांडा. गाडीच्या मागच्या पाईपला दोन ठिकाणी बांधलेला असतो. खालचा भाग धरून वरची पेरं एकेक ओढत वर सारायची, प्रत्येक पेराला थोडा पीळ देऊन घट्ट करायचं. वायर दांड्याच्या शेंड्यावरून दोन बाजूंना उतरती, उलट्या व्हीसारखी, टोकं पाण्यानं भरलेल्या बाटल्यांना. एवढ्या कमी उंचीवर ती लहरी सरळ वर फेकते, त्या आकाशातल्या वरच्या थरावरून परावर्तित होऊन दोन-चारशे किलोमीटरच्या घेऱ्यात पडतात. मला तेच पाहिजे, महाराष्ट्र-तेलंगण-कर्नाटक. अमेरिका ज्याला पाहिजे त्यानं उंच टॉवर लावावा.

मासेमारीचा कार्बनचा दांडा घेऊ नका, कार्बन वीज वाहतो. काचेच्या फायबरचाच.

आणि तारा. विजेच्या तारा. दांडा उभा करण्याआधी मान वर करून चारी बाजूंना बघायचं. रानातून ११ केव्हीची लाइन जाते, तिच्या खाली किंवा जवळ नाही म्हणजे नाही. गावात गल्लीतून लोंबत्या वायरी असतात, म्हणून चालताना गाडीवर टू मीटरची पाईपातली अँटेना एवढंच, तीही माझ्या डोक्याच्या फारशी वर जात नाही.


बालाघाटी

वळवाच्या पावसात काय करता? आपल्याकडं एप्रिल-मे आणि परत सप्टेंबर-ऑक्टोबरात वीज पडून दरवर्षी माणसं, जनावरं जातात.


तीनचाकी

गडगडाट ऐकू येण्याच्या आधी रेडिओवर ऐकू येतो, खडखड-खडखड अशी. ती वाढायला लागली की दांडा खाली, वायर बादलीत, मी घरी. उगाच धाडस नाही. मला पळता येत नाही, म्हणून दुसऱ्यापेक्षा अर्धा तास आधी निघतो.


फॅब्रिकेशन_जालना

पावसात काळ्या मातीत गाडी जाती का ओ? चाकाला गोळा बसत असल.


तीनचाकी

जात नाही. मडगार्ड आणि चाकाच्या मध्ये माती भरली की चाक फिरायचंच थांबतं, मोटर घों-घों करते आणि कंट्रोलर तापतो. जुलै-ऑगस्टात डांबरी रस्त्याच्या कडेला. त्याचा एक फायदा: ओली काळी माती विजेला चांगली, जमिनीला टेकवलेल्या वायरींचं काम झकास होतं. उन्हाळ्यात तीच जमीन भेगाळून पडली की फरक कळतो.


उगाच_विचारतो

लायसन्सचं सांगा ना थोडं. ऑनलाइन हँडसेट तर दीड-दोन हजारात दिसतात, घेऊन टाकू का?


नांदेडचा_बिनतारी

थांबा. आधी लायसन्स, मग सेट. वायरलेस सेट विनापरवाना जवळ बाळगणंच आपल्याकडं १९३३ च्या कायद्यापासून गुन्हा आहे, नुसतं बोलणं नाही. २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ऑनलाइन विक्री करणाऱ्यांना वॉकी-टॉकींच्या विक्रीवरून नोटिसा काढल्या, त्यामुळं "सगळेच विकतात" हे कारण पुढं करू नका. परीक्षा दूरसंचार विभाग घेतो, अर्ज सरल संचार पोर्टलवर. रेस्ट्रिक्टेड ग्रेडला मोर्स लागत नाही. थोडं इलेक्ट्रॉनिक्स, थोडे नियम, बोलण्याची पद्धत. नियमांत धंदा, राजकारण आणि सांकेतिक भाषेतलं बोलणं बसत नाही, हे पाठ करा, विचारतातच. नुसतं ऐकायला शिकायचं असेल तर तोवर शॉर्टवेव्हचा साधा रेडिओ घ्या.


तीनचाकी

परीक्षेचं एक मी जोडतो. माझं केंद्र पहिल्या मजल्यावर होतं, लिफ्ट बंद. दोघांनी उचलून नेतो म्हणाले. मी नाही म्हणालो, खालीच टेबल लावा म्हणालो. अर्धा तास चर्चा, मग व्हरांड्यात टेबल आलं आणि पेपर झाला. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात वाजवी सोय हा हक्क आहे, उपकार नाही. अर्ज करतानाच लेखी कळवा आणि पोच ठेवा, म्हणजे तो अर्धा तास वाचतो. ताई, तुमच्या मुलीसाठी विशेष करून.


सावलीतला

चौथं आठवलं. कॅथेटरची (लघवीच्या नळीची) पिशवी ज्यांना असते त्यांनी फळीच्या बिजागरीकडं ती येऊ देऊ नका. चिमटली की पाठीमागं दाब जातो. वरच्या पातळीच्या इजेवाल्यांना त्यानं रक्तदाब एकदम चढतो, डोकं फुटायला लागतं. गंमत नाही ती, जीवावरची गोष्ट आहे.


दुधनाकाठ

तीनचाकीदादा, मुलीचा आणखी एक प्रश्न. अंतराळ स्थानकावरून येणारं ऐकायचंय. बाल्कनीतून जमेल का?


तीनचाकी

जमेल. स्थानकाचा आवाज १४५.८०० मेगाहर्ट्झवर असतो आणि डेटाच्या किरकिऱ्या १४५.८२५ वर. ऐकायला लायसन्सची परीक्षा नको, पण प्रसारण न करणारा, टू मीटर बँड घेणारा रिसीव्हरच घ्या; काकांनी सांगितलेल्या शॉर्टवेव्ह रेडिओवर हे येणार नाही. डोक्यावरून जातं तेव्हा जेमतेम दहा मिनिटं दिसतं. बाल्कनी ज्या बाजूला उघडी त्या बाजूनं जाणारी फेरीच बघा, मोबाईलवर वेळा देणारी अॅप आहेत. नेहमी बोलणं चालू असेल असं नाही, किरकिऱ्या मात्र बऱ्याचदा सापडतात.


फॅब्रिकेशन_जालना

भाऊ, तो बूट करायचाय ना. पाईपाचं माप पाठवा. दांडा खाली केवढा जाड?


तीनचाकी

दांडा खाली ३८ मिलीमीटर, गाडीचा मागचा पाईप २५. दोन क्लॅम्प, मध्ये एक वीत अंतर ठेवा.


फॅब्रिकेशन_जालना

२५ म्हंजे एक इंची पाईप व्हय, का २५.४? व्हर्नियर लावून सांगा. रंग खरडू नका, रंगासकट माप घ्या.